सोवळ्यातला बीजांक

शाल्मली वैशंपायनचा बीजांक सात आला, तेव्हा ती पुरणयंत्र धूत होती. दसऱ्याचा दुसरा दिवस, दुपारची वेळ. हात डाळीनं बरबटलेले, फोन ओट्यावर, आणि पडद्यावर केशरी गोलात एकच आकडा. खाली बारीक अक्षरांत मजकूर होता: ‘स्वतःच्या बीजातून गर्भधारणेची शक्यता अत्यल्प. दातृबीजाचा विचार करावा.’ तिनं हात पुसले, फोन पालथा ठेवला आणि यंत्राची जाळी पुन्हा एकदा घासायला घेतली. ती आधीच लख्ख झाली होती.

बीजांक हे प्रकरण काय होतं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको.

मुलगी जन्माला येते ती आयुष्यभराची बीजं सोबत घेऊनच. दहा-वीस लाख. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख शिल्लक राहतात. पुढे दर महिन्याला त्यांची एक तुकडी जागी होते, त्यातलं एखादंच बीज पुरतं पिकून बाहेर पडतं, बाकीची जागच्या जागी विरून जातात. नवी काही तयार होत नाहीत. बीज ज्या बारीक पुटकात वाढतं, त्यातून एएमएच नावाचं संप्रेरक झिरपतं, आणि ते किती झिरपतं यावरून आत साठा किती उरलाय याचा अदमास घेता येतो. पूर्वी यासाठी रक्त द्या, सोनोग्राफी करा, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त द्या, अशी यातायात होती. मग दंडावर चिकटवायची रुपयाएवढी चकती आली. ती कातडीखालच्या द्रवातून तासातासाला संप्रेरकं मोजायची. चाळीस दिवसांनी त्या सगळ्या मोजमापांतून यंत्र एकच आकडा काढून द्यायचं. तो बीजांक. शंभरपैकी असायचा, शाळेतल्या गुणांसारखा, त्यामुळे लोकांना तो लगेच समजला. आणि त्यामुळेच चुकीचा समजला.

पाच-सहा वर्षांत तो घरोघरी पोचला. हळदीकुंकवाला बायका वाण लुटता लुटता एकमेकींना आकडा विचारू लागल्या. विवाहमंडळाच्या अर्जात रक्तगटाखाली एक रकाना वाढला. आम्ही पत्रिका मानत नाही असं ताठ मानेनं सांगणारे पुढारलेले लोकही मुलीचा बीजांक मात्र हळूच विचारून घेत. पंचेचाळीसच्या वर असला की आईबाप निर्धास्त, तीसच्या खाली असला की घरात कुजबुज. सात तर कुणी उच्चारतही नसे.

शाल्मली चौतीस वर्षांची होती. वाईला नदीपलीकडच्या नव्या वस्तीत वैशंपायनांचं नैवेद्याचं स्वयंपाकघर होतं. खाली स्वयंपाकघर, वर राहतं घर. सासूबाई सुनंदाताई स्वयंपाक सांभाळत, नवरा सारंग विजेच्या गाडीतून डबे साताऱ्यापासून पाचगणीपर्यंत पोचवी, आणि शाल्मली दोन्ही टोकं जुळवून धरी. त्यांचा माल साधा नव्हता. सोवळ्यातला होता. पोळ्या लाटणारी यंत्रं बाजारात येऊन जुनी झाली होती, पण ज्यांना देवासाठी नैवेद्य हवा त्यांना तो हातचाच हवा असे, आणि तोही आंघोळ करून, वेगळ्या दोरीवर वाळवलेली साडी नेसून केलेला. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत मान वर करायला फुरसत नसे. लग्न झाल्यापासून चार वर्षांत शाल्मली एकाही सणाला स्वयंपाकघरातून हललेली नव्हती, आणि सासूबाई हे आल्यागेल्याला कौतुकानं सांगत.

चारही वर्षं दोघं मुलाची वाट पाहत होती.

सारंग संध्याकाळी रिकामे डबे उतरवत असताना तिनं त्याला फोन दाखवला. त्यानं आकडा पाहिला, खालचा मजकूर वाचला, पुन्हा आकडा पाहिला.

“सात म्हणजे शंभरपैकी?”

“शंभरपैकी.”

तो गाडीच्या पायरीवर बसला. “मला नववीच्या चाचणीत भूमितीत नऊ होते,” थोड्या वेळानं तो म्हणाला. “वर फडताळं बसवली ती कुणी? एक कोपरा वाकडा आहे का सांग.”

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. सारंगला रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे कधीच सुचत नसे. तो तिच्या शेजारी सरकला आणि तिचा डाळीचा वास येणारा हात धरून बसून राहिला. तेवढं त्याला चांगलं जमायचं.

धाकटी बहीण जुई पुण्याला होती, एकोणतीस वर्षांची. बातमी कळल्यावर तिनं फोनवर दुसऱ्याच वाक्याला सांगून टाकलं, “माझं बीज घे.”

“जुई, अगं—”

“माझा एकाहत्तर आहे, ताई. मला काय त्याचं लोणचं घालायचंय? मला लग्नही करायचं नाही आणि मूल तर नाहीच नाही. तुझ्या घरी वाढेल, मी मावशी होईन, सुट्टीला येऊन बिघडवून जाईन.”

पुण्याच्या वंध्यत्व-उपचार केंद्रानं भराभर तारखा दिल्या. दहा नोव्हेंबरला जुईची इंजेक्शनं सुरू होणार होती. त्याआधी शाल्मलीनं संमतिपत्रावर सही करायची, आणि केंद्राशी संबंध नसलेल्या एका डॉक्टरांनी तिला तपासून शेजारी सही करायची, असा नियम होता. सगळं किती सोपं झालं म्हणून घरात हायसं वाटलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. शाल्मलीलाही बरं वाटायला हवं होतं. पण तिला मूल आपल्याच बीजाचं हवं होतं, आणि हे म्हणायची तिला लाज वाटत होती. बहीण एवढं द्यायला निघालेली असताना असा हट्ट कुणापुढे धरायचा? तिनं ते मनातच ठेवलं आणि साताऱ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर रेहाना मुल्ला सदुसष्ट वर्षांच्या होत्या. पोवई नाक्याजवळ त्यांचा जुना दवाखाना होता. निवृत्त होणार, होणार असं त्या दहा वर्षं सांगत होत्या. शाल्मलीनं फोन पुढे केला, तर त्यांनी आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“हे नको. यामागचा आलेख काढ. तीन रेघा असतात बघ, सगळ्यात खालच्या पानावर.”

शाल्मलीनं ते पान कधी उघडलंच नव्हतं. कुणीच उघडत नसे. डॉक्टरांनी तो आलेख कागदावर छापून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला.

“ही वरची एएमएच. कमी आहे, ते खरं. तुझ्या वयाला याच्या तिप्पट-चौपट असतं.” त्यांचं बोट खाली आलं. “आता ही बघ. एफएसएच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती हे सोडते. तिचं काम अंडाशयाला हाका मारायचं. उठा, बीज पिकवा. अंडाशयात साठा भरपूर असला की हळू हाक पुरते. साठा संपत आला की कुणी ओ देत नाही, मग ती ओरडायला लागते. साठा संपलेल्या बाईची एफएसएच बारा, पंधरा, वीस अशी चढलेली असते. तुझी किती आहे?”

शाल्मलीनं वाकून पाहिलं. “दीड.”

“दीड. साठा नाही म्हणून यंत्र सांगतंय, आणि ही बाई ओरडायची सोडून गप्प बसलीय. चाळीस दिवस. कुणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवलाय.” डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. “काय औषध घेतेस?”

“काहीच नाही.”

“हार्मोनचं काही?”

“नाही. चकती लावताना फोननं पण विचारलं होतं. मी नाहीच दाबलं.”

“कुटुंबनियोजनाची गोळी?”

“डॉक्टर, मूल होत नाही म्हणून मी तुमच्याकडे आलेय.”

“मुरमांसाठी? थायरॉइडसाठी? कुणा वैद्याचा काढा?”

“नाही हो.”

डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिल्या. “काम काय करतेस?”

“आमचं नैवेद्याचं स्वयंपाकघर आहे वाईला. सोवळ्यातलं.”

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. “म्हणजे श्रावण, गणपती, नवरात्र. आणि तेव्हा पाळी आली म्हणजे?”

“येत नाही ना. पुढे ढकलायच्या गोळ्या घेते मी,” शाल्मली म्हणाली, आणि मग आपण काय म्हणालो ते तिच्या कानांपर्यंत पोचलं.

खोलीत पंखा फिरत होता. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर दमल्यासारखं हसू आलं.

“आमच्याकडे रमझानमध्ये घेतात. हजला जाणारी बाई पेटीत आधी त्या भरते, मग कपडे. चाळीस वर्षं झाली, मी रोज विचारते, हार्मोनचं काही घेता का, आणि बाया रोज नाही म्हणतात. खोटं नाही बोलत कोणी. देवासाठी घेतलेली गोळी, ती औषध कशी असेल?”

“पण ती नुसती पुढे ढकलते ना?”

“पोरी, ती हार्मोनचीच गोळी आहे. ती पोटात असली की वरची हाक बंद होते, बीज पिकत नाही, बाहेर पडत नाही. एएमएचसुद्धा थोडं उतरतं. यंत्रानं चाळीस दिवस झोपलेलं घर पाहिलं आणि लिहून टाकलं, इथे कोणी राहत नाही. त्याची चूक नाही. तू सांगितलंस गोळी नाही, त्यानं विश्वास ठेवला.” त्यांनी कोरा कागद ओढला. “वर्षातून किती वेळा घेतेस? नीट आठव.”

शाल्मली आठवू लागली. श्रावणात वीस दिवस, मध्ये चार दिवस मोकळे मिळाले की गोळी थांबवून पाळी उरकायची, मग गौरी-गणपती, पितृपंधरवड्यातली श्राद्धं आणि नवरात्र सलग. एवढंच असेल असं तिला वाटत होतं. पण मार्गशीर्षातले गुरुवार निघाले. माघातली गणेशजयंती निघाली. चैत्रगौर, अक्षय्यतृतीया, मोठ्या घरांच्या वास्तुशांती, मुंजी. डॉक्टर महिन्यांवर फुल्या मारत गेल्या. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस महिने होते. फुली नसलेले सतरा उरले.

“चार वर्षं प्रयत्न करतोय म्हणालीस ना?” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “दीड वर्षसुद्धा झालेलं नाही तुमचं.”

शाल्मलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एवढ्या वेळा आपण पाळी आली म्हणून न्हाणीघरात दार लावून रडलो, आणि उरलेल्या वेळा ती येऊ नये म्हणून स्वतःच्या हातानं गोळी घेतली, हे दोन्ही एकाच बाईनं केलं होतं. तिला स्वतःची दयाही आली आणि रागही.

“हे बघ, मी तुला खोटी आशा लावत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “गोळी सोडल्यावर आकडा पन्नास होईल असं नाही. बेताचाच येईल. पण तो तुझा असेल. तीन महिने काही घ्यायचं नाही, त्यातले शेवटचे चाळीस दिवस पुन्हा चकती लाव. ही सही मी आज करत नाही. चालेल?”

शाल्मलीनं मान हलवली. तिथूनच तिनं जुईला फोन केला. जुईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग तीन महिने थांबू. मी कुठे पळून चाललेय? आणि ताई, तुला तुझंच हवं होतं, हो ना? तुझा आवाज महिनाभर कणकेसारखा झाला होता. आधी बोलायचं नाहीस का?”

सासूबाईंना काय सांगायचं हा खरा पेच होता. कारण गोळ्या त्या आणत. सणाच्या आठ दिवस आधी औषधाच्या दुकानातून पाकीट यायचं, आणि सकाळी दुधाच्या पेल्याशेजारी वाटीत एक गोळी ठेवलेली असायची. विसरशील गं कामात, म्हणायच्या. चार वर्षांत एकदाही त्या विसरल्या नव्हत्या. शाल्मलीनं सारंगला बजावलं, आईंना कारण सांगायचं नाही, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय एवढंच म्हणायचं.

सारंगच्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे चाळणीत पाणी राहण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना सासूबाई म्हणाल्या, “मार्गशीर्षाला पाच गुरुवार आलेत यंदा. पाकीट आणून ठेवते.” आणि सारंग पटकन बोलून गेला, “आई, त्या गोळ्या आता आणू नकोस. त्यांच्यामुळेच सात आला.”

सुनंदाताईंचा हात ताटावर थांबला. सारंगनं मग सावरायचा प्रयत्न केला, म्हणजे अगदी त्यांच्यामुळेच असं नाही, ग्रंथी असते एक वाटाण्याएवढी, ती ओरडते. त्याला ते धड सांगता येईना. शेवटी शाल्मलीनं सगळं सांगितलं, सतरा महिन्यांसकट.

सासूबाई ऐकत राहिल्या. मग उठल्या, हात धुतले आणि परत येऊन तिच्याशेजारी बसल्या.

“मी लग्न होऊन आले तेव्हा मला चार दिवस मागच्या पडवीत बसवायचे,” त्या म्हणाल्या. “पाणी वरून ओतायचे. पानसुद्धा लांबून सरकवायचे. बी.कॉम. झालेली मुलगी मी, पडवीत बसून तांदूळ निवडायची. सारंग झाल्यावर कुणीतरी ही गोळी सांगितली. मला वाटलं, सुटले. स्वयंपाकघर सुटलं नाही, कुणी लांब बसवलं नाही. तीस वर्षांत मी परत त्या पडवीत गेले नाही गं.” त्यांनी शाल्मलीचा हात हातात घेतला. “तुलाही तसं बसावं लागू नये म्हणून ठेवत होते मी. आठवणीनं ठेवत होते.”

“मला माहितीये, आई.”

“सारंगनंतर मला दुसरं राहिलंच नाही. मी कधी कुणाला का म्हणून विचारलं नाही.” एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सारंग खाली मान घालून भात चिवडत होता. शाल्मलीनं सासूबाईंना जवळ घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्यांच्या इतक्या जवळ गेली होती, आणि त्या किती हलक्या झाल्यात हे तिला तेव्हा कळलं.

गोळ्या बंद झाल्या. पण सोवळं काही बंद झालं नाही. सासूबाईंना कितीही वाईट वाटलं तरी तीस वर्षांची सवय एका जेवणात सुटत नाही, आणि गिऱ्हाइकांना दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. म्हणून मार्गशीर्षात दुसऱ्या गुरुवारी शाल्मलीला पाळी आली तेव्हा ती आपण होऊन वरच बसली आणि डब्यांच्या चिठ्ठ्या लिहीत राहिली. पडवीत कुणी बसवलं नव्हतं, पंखा होता, पलंग होता. खालून मात्र तिच्याशिवाय चाललेल्या स्वयंपाकाचे आवाज येत होते. तिच्या जागी आलेल्या मेणवलीच्या प्रभाताई पोळी लाटताना कडेला पुरण पोचवत नसत. पौषात पुन्हा तसंच झालं. सासूबाई दर तासानं काही ना काही निमित्त काढून वर येत, चहा देत, दाराशी घुटमळत आणि परत जात. त्या काहीतरी विचार करत होत्या, पण काय ते सांगत नव्हत्या.

माघात नवी चकती निघाली. आकडा आला एकवीस.

“एकवीस म्हणजे नापासच की,” सारंग साताऱ्याच्या दवाखान्यात म्हणाला. या खेपेला तो हट्टानं आत आला होता.

“परीक्षा आहे का ही?” डॉक्टर मुल्लांनी त्याला झापलं. मग त्या शाल्मलीकडे वळल्या. “तू स्वयंपाकातली आहेस, तुला तसं सांगते. घराबाहेर उभं राहिलं की वासावरून कळतं आत मोठा स्वयंपाक आहे का छोटा. एएमएच म्हणजे तो वास. तुझ्याकडे आता छोटा स्वयंपाक आहे. उद्या इंजेक्शनं देऊन एका वेळी दहा बीजं काढायची म्हटली तर दहा मिळणार नाहीत, तीन मिळतील. ते त्या आकड्यावरून नक्की सांगता येतं. पण एका पातेल्यातला पदार्थ कसा जमलाय, ते बाहेरच्या वासावरून कळतं का? नाही. ते तुझ्या वयावर जास्त ठरतं, आणि चौतीस काही म्हातारपण नाही. मूल व्हायला महिन्याला एकच बीज लागतं.”

त्यांनी कागद पुढे केला. या वेळी तिसरी, सगळ्यात खालची रेघ सपाट नव्हती. मधोमध ती चढत गेली होती, टोकाला पोचून उतरली होती.

“हे काय?” शाल्मलीनं विचारलं.

“इथे, या बुधवारी, दुपारच्या सुमाराला बीज सोडायची हाक लागली. आणि पुढच्या दीड दिवसात तुझं बीज बाहेर पडलं. कुणी ढकललं नाही, कुणी अडवलं नाही.”

सारंगनं कागद हातात घेतला आणि त्या टोकावर बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिला. “त्या बुधवारी मी पाचगणीला होतो,” तो खिन्नपणे म्हणाला, आणि डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

ठरलं ते असं. सहा महिने त्यांनी वाट पाहायची, गोळ्यांशिवाय, पूर्ण सहा. साठा छोटा आहे म्हणून त्याहून जास्त रेंगाळायचं नाही. नाहीच जमलं तर भाद्रपदात जुईकडे जायचं. शाल्मलीनं हे जुईला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात संकोच राहिला नव्हता. आपलं दार आपण ठोठावून पाहणार होतो, मग ते उघडो न उघडो, बहिणीचं दार आहेच, असं तिला वाटत होतं.

होळी आली. वैशंपायनांकडे वर्षातला पुरणपोळीचा सगळ्यात मोठा दिवस. साडेचारशे पोळ्या होत्या, त्यातल्या दोनशे सकाळी अकरा वाजायच्या आत जायच्या होत्या. प्रभाताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. सकाळी सहाला शाल्मली आंघोळीला गेली आणि तिला पाळी आलेली दिसली.

ती न्हाणीघरात उभी राहिली. या महिन्यात तिनं मनात फार मांडामांड केली होती. दोन दिवस उशीर झाला होता आणि त्या दोन दिवसांत तिनं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं. तिला रडू आलं, जुनंच, ओळखीचं. पण त्या रडण्याच्या तळाशी या खेपेला आणखी एक गोष्ट होती. घड्याळ आपल्या गतीनं चाललं होतं. सव्वीस दिवस, अठ्ठावीस दिवस, आणि आता तीस. देह त्याचं काम करत होता. तिनं तोंड धुतलं, साधी साडी नेसली, जिना उतरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आणि बाहेरच थांबली.

“आई, मला आजच आलीय. कसं करायचं? सारंगला लाटायला बसवू का?”

आत डाळ शिजून तयार होती, गूळ किसलेला होता, तेलात तिंबलेली कणीक ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली होती. सोवळ्याची साडी नेसलेल्या सुनंदाताई पातेल्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या. त्यांना आधी सुनेचे सुजलेले डोळे दिसले.

“तीन महिने मी एका प्रश्नाचं उत्तर शोधतेय,” त्या म्हणाल्या. “गोळीनं पाळी अडवून केलेलं देवाला चालतं, मग न अडवता केलेलं का चालू नये? मला सापडलं नाही. गुरुजींना विचारलं, त्यांनाही सापडलं नाही, ते म्हणाले, परंपरा आहे. परंपरा तर पडवीत बसवायचीही होती.” त्यांनी डाव सुनेच्या दिशेनं पुढे केला. “ये. पुरण घाट. माझे खांदे भरून आलेत.”

शाल्मली उंबऱ्यावर तशीच उभी होती. “लोकांना काय सांगायचं?”

“विचारतील त्यांना खरं सांगायचं.”

शाल्मली आत आली. तिनं डाव घेतला आणि पुरण घाटायला लागली. डाळ आणि गूळ एकजीव होऊन डाव पातेल्यात ताठ उभा राहीपर्यंत तिनं हात थांबवला नाही. मग तिनं ते यंत्रातून काढलं आणि पहिला गोळा कणकेत भरला.

साडेआठला फोन वाजला. पाचगणीच्या परांजपेकाकू. त्यांच्याकडे साठ पोळ्या जायच्या होत्या आणि त्या दरवर्षी हा फोन करत. सुनंदाताईंचे हात पिठाचे होते, म्हणून शाल्मलीनं आवाज मोठा करून फोन त्यांच्यापुढे धरला.

“सुनंदाताई, सगळं सोवळ्यातलंच आहे ना?”

शाल्मलीनं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोललेलं तिला आठवत नव्हतं.

“आंघोळ करून, स्वच्छ केलंय,” सुनंदाताई म्हणाल्या. “पण माझ्या सुनेची आज पाळी आहे, आणि पुरण तिनं घाटलंय. पोळ्याही तीच लाटणार आहे. पाठवू की नको ते मोकळेपणी सांगा, मला राग येणार नाही.”

मग परांजपेकाकू म्हणाल्या, “मी घरात विचारून सांगते.” फोन बंद झाला.

शाल्मलीनं फोन खाली ठेवला. “नाही म्हणाल्या तर?”

“नाही म्हणाल्या तर साठ पोळ्या तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवू. त्यांच्या दवाखान्यात खाणारी माणसं खूप.” सुनंदाताईंनी तवा तापत ठेवला, त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला आणि पदर खोचला. “लाट आता भराभर. आणि हे बघ, पुढच्या महिन्यात आली, तरी अशीच खाली यायचं, उंबऱ्यावर थांबायचं नाही.”

शाल्मलीनं मान हलवली आणि पोळी तव्यावर टाकली. ती टम्म फुगली. सुनंदाताईंनी ती उलटली, आणि सुनेकडे न बघता त्या म्हणाल्या,

“नाही आली, तर मात्र सारंगच्या आधी मला सांगायचं.”